उणे चाळीसचा बाथ घेताय? आधी त्यात काय ओतणार ते ठरवा

घाईत असलेल्यांसाठी निकाल आधी सांगते. बाथ म्हणजे ठरवलेल्या तापमानाला धरून ठेवलेली द्रवाची टाकी, तिच्यात थर्मामीटर बुडवून तपासतात. आम्ही घेतलेलं यंत्र घेण्यासारखं आहे. पण कॅटलॉगच्या पहिल्या पानावरचा आकडा बघून घेऊ नका. त्या आकड्याच्या खाली बारीक अक्षरात एक ओळ असते, ती वाचून घ्या. त्या ओळीत लिहिलेलं असतं की हा आकडा टाकीत कोणता द्रव असताना मोजला आहे. सगळी गोम तिथेच आहे.

मी भोसरीतल्या एका लहान कॅलिब्रेशन लॅबमध्ये, म्हणजे मोजणारी उपकरणं बरोबर दाखवतात का ते तपासणाऱ्या ठिकाणी, तापमानाचं काम बघते. आमच्याकडे येणारं गिऱ्हाईक म्हणजे ब्लड बँका, औषधांची गोदामं, आइस्क्रीमवाले, मासळी गोठवून निर्यात करणारे आणि चाकणकडचे मोटारीच्या सुट्या भागांचे कारखाने. ब्लड बँकेत प्लाझ्मा उणे ३० किंवा त्याखाली ठेवावा लागतो, लशींचे डीप फ्रीझर उणे १५ ते उणे २५ मध्ये चालतात. म्हणजे आमचं बरंचसं काम उणे २० आणि उणे ३० वर, आणि स्कोपमध्ये (आमच्या मान्यतेच्या कक्षेत) शेवटचा बिंदू उणे ४०. त्यासाठी हा बाथ घेतला. देशी बनावटीचा, उणे ४० ते अधिक १५० अंश सेल्सिअस, बारा लिटरची टाकी, तीस सेंटीमीटर खोल विहीर (सेन्सर बुडवायची जागा), एकच कंप्रेसर. किंमत विदेशी यंत्राच्या कोटेशनच्या निम्म्याहून कमी.

कंपनीचं नाव लिहीत नाही. खाली तक्रारीही आहेत आणि मला कुणाशी वाद घालायचा नाही. शिवाय या घडणीचे बाथ बरेच जण बनवतात, आतली मांडणी थोड्याफार फरकाने तीच. त्यामुळे मी जे लिहितेय ते कुठल्याही बाथला लावून बघता येईल.

ड्राय ब्लॉक का नाही घेतला, हे बरेच जण विचारतात. ड्राय ब्लॉक म्हणजे टाकीऐवजी भोकं पाडलेला धातूचा ठोकळा. तो सुटसुटीत असतो, गिऱ्हाइकाकडे उचलून नेता येतो, ओतायला-पुसायला काही नाही. पण ब्लॉकच्या भोकात प्रोब (सेन्सर असलेली दांडी) जातो तेव्हा भोवती हवेची फट राहते, आणि शून्याच्या खाली त्या फटीत दव गोठतं. मग प्रोब निघता निघत नाही. त्यात आमच्याकडे येणाऱ्या लॉगरचे (तापमानाची नोंद ठेवणाऱ्या यंत्रांचे) सेन्सर नाना आकारांचे: कुणाचा पेन्सिलएवढा, कुणाचा वाकडा, कुणाचा वायरच्या टोकाला प्लॅस्टिकची गोळी. प्रत्येकासाठी भोक कुठून आणायचं? द्रवात मात्र काहीही बुडतं आणि चारी बाजूंनी सारखं थंड होतं.

आता कामगिरी. कॅटलॉगमध्ये स्टॅबिलिटी, म्हणजे तापमान एका जागी किती स्थिर राहतं ते, अधिक-उणे ०.०१ अंश लिहिली होती. डेमोला विक्रेत्याने स्वतःचा कॅन आणून टाकी भरली, आमच्या मास्टर प्रोबवर (ज्याच्याशी बाकीचे ताडून बघतो त्याच्यावर) अर्धा तास रीडिंग घेतली, आणि उणे ४० ला खरोखर तेवढीच आली. पीटी-१०० या प्लॅटिनमच्या सेन्सरचा रेझिस्टन्स उणे ४० ला ८४.२७ ओहम असतो आणि तिथे ०.०१ अंश म्हणजे जेमतेम चार मिलिओहम. रीडआऊटवर तिसरा दशांश अंक थोडा इकडेतिकडे हलत होता, बाकी शांत. सगळे खूश. कॅनमध्ये इथेनॉल होतं, म्हणजे अल्कोहोल.

यंत्र बसवल्यावर कंपनीने सोबत जे दिलं ते दहा सेंटिस्टोक्सचं सिलिकॉन तेल. सेंटिस्टोक्स हे घट्टपणाचं माप, आकडा लहान तितकं तेल पातळ. त्यात उणे ४० ला तोच बाथ अधिक-उणे ०.०३ वर गेला. यंत्र बिघडलं नव्हतं. सिलिकॉन तेल खोलीच्या तापमानाला पातळ वाटतं, पण उणे ४० पर्यंत जाताना चार-पाच पट घट्ट होतं. स्टरर, म्हणजे द्रव ढवळणारं पातं, तेवढ्याच वेगाने फिरतो आणि तेल मात्र आळशासारखं हलतं. एका कोपऱ्यात थंड, दुसऱ्यात किंचित गरम. उणे २० ला हेच तेल बिनतक्रार चालतं. खरी अडचण शेवटच्या दहा अंशांतच येते.

आम्ही पुढे पाच सेंटिस्टोक्सचं तेल भरलं. उणे ४० ला साधारण ०.०१५ मिळतं. लॉगर आणि फ्रीझरच्या थर्मामीटरसाठी हे पुरून उरतं, कारण त्या बिचाऱ्यांचा डिस्प्लेच ०.१ चा असतो. ज्यांना मास्टर प्रोब कॅलिब्रेट करायचे आहेत त्यांनी मात्र हिशेब वेगळा करावा.

युनिफॉर्मिटी, म्हणजे टाकीभर तापमान किती सारखं आहे ते, आम्ही स्वतः तपासली, कंपनीच्या कागदावर विसंबलो नाही. दोन प्रोब घ्यायचे. एक मधल्या भोकात कायम ठेवायचा आणि दुसरा कोपऱ्याकोपऱ्यात, वर-खाली फिरवायचा. दर वेळी दोघांतला फरक लिहायचा. मग दोघांच्या जागांची अदलाबदल करून पुन्हा तेच. अदलाबदल केली नाही तर प्रोबचा स्वतःचा फरक आणि बाथचा फरक एकमेकांत मिसळतो, आणि मान्यतेसाठी तपासणीला येणारा असेसर नेमकं तेच विचारतो. आमच्या टाकीत स्टररच्या समोरचा कोपरा सगळ्यात वाईट निघाला. झाकणावरच्या त्या भोकाला आम्ही लाल टेप लावली आहे, तिथे कुणी काही बुडवत नाही. तेलाची पातळी बोटभर खाली गेली तर हा फरक लगेच वाढतो, हेही तेव्हाच कळलं.

आता मुद्द्याचं: मग इथेनॉलच का नाही भरलं? आकडे तर त्याचेच सुंदर येतात.

इथेनॉलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते ते, १३ अंशांच्या आसपास आहे. बाथ उणे ४० ला असतो तेव्हा त्याच्यावर वाफ जवळजवळ नसतेच, हवेत एक दशांश टक्काही नाही. काडी ओढून बघा असं मी अर्थातच म्हणणार नाही, पण त्या वेळी तो बाथ बराच गरीब असतो. सगळे घाबरतात ते मात्र तेव्हाच, कारण वरून पांढरं धुकं वाहताना दिसतं. ते धुकं म्हणजे लॅबच्या हवेतलं पाणी, अल्कोहोल नव्हे. भीती बाळगायची ती संध्याकाळी. काम संपतं, बाथ बंद करून, झाकण लावून सगळे घरी जातात. टाकी रात्रभर हळूहळू गरम होत खोलीच्या तापमानाला येते. २० अंशांना इथेनॉलवरच्या बंद हवेत साधारण सहा टक्के वाफ साठते. इथेनॉलची वाफ हवेत ३.३ ते १९ टक्के असेल तर पेट घेते. म्हणजे झाकणाखाली तयार झालेलं मिश्रण बरोबर त्या पट्ट्यात बसतं. उन्हाळ्यात लॅब अडतीस अंशांना तापली तरी ते पट्ट्याबाहेर जात नाही. आणि सकाळी येणारा माणूस पहिलं काम काय करतो? बटण दाबतो. झाकणावर बसवलेली स्टररची मोटर सुरू होते.

म्हणून अल्कोहोल वापरायचंच असेल तर पहिला प्रश्न स्टररच्या मोटरचा. ब्रश असलेली मोटर फिरताना ठिणग्या टाकते. आमच्या यंत्रात इंडक्शन मोटर आहे आणि ती झाकणापासून दांडीवर उंच धरलेली आहे. हे मला मनापासून आवडलं. विचारल्याशिवाय विक्रेत्याने सांगितलं नव्हतं, आणि कॅटलॉगमध्येही कुठे नाही. दुसरा प्रश्न हवेचा. अल्कोहोलची वाफ हवेहून जड असते, ती टाकीवरून खाली उतरते आणि जमिनीलगत पसरते. एक्झॉस्ट पंखा भिंतीच्या वरच्या टोकाला लावून उपयोग नाही, ओढ खालून हवी. आणि त्याच टेबलाखाली एक्स्टेंशन बोर्ड, यूपीएस, कुणाचा तरी मोबाइल चार्जर असं काहीही नको. या यंत्राच्या मॅन्युअलमध्ये अल्कोहोल असताना सेट पॉइंट (यंत्राला ठरवून दिलेलं तापमान) १० अंशांच्या वर नेऊ नका असं स्पष्ट लिहिलं आहे. ते बरोबर आहे. पण बंद यंत्र आपोआप खोलीच्या तापमानाला येतं त्याबद्दल त्यात चकार शब्द नाही.

युरोपीय यंत्रांवर डीआयएन १२८७६ या जर्मन मानकाचा वर्ग छापलेला असतो. वर्ग १ म्हणजे फक्त न पेटणारे द्रव, वर्ग ३ म्हणजे ज्वालाग्राही द्रव चालतील, त्यात वेगळा अतितापमान कटआऊट (तापमान हद्दीबाहेर गेलं की हीटर तोडणारा) आणि पातळी खाली गेली की हीटर तोडणारी सोय असते. देशी यंत्रावर हा शिक्का नसतो, मग आपणच विचारून घ्यायचं: हीटरचा कटआऊट मुख्य कंट्रोलरपासून स्वतंत्र आहे का, आणि पातळी खाली गेली की चालणारा फ्लोट स्विच आहे का. आमच्यात दोन्ही आहेत. फ्लोट स्विच महत्त्वाचा, कारण पातळी खाली जाऊन हीटर उघडा पडला तर तो लालबुंद व्हायला वेळ लागत नाही.

राहिला कागदोपत्री भाग. महाराष्ट्रात शुद्ध अल्कोहोल साठवायचं तर राज्य उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो, साठ्याची नोंद ठेवावी लागते. बारा लिटरची टाकी आणि वर घालायला राखीव कॅन, म्हणजे तुम्ही त्या हिशेबात आलातच. मग कुणीतरी मिथेनॉल सुचवतं, स्वस्त पडतं, गोठतं उणे ९७ ला. माझं उत्तर एका शब्दात: नको. त्याचा फ्लॅश पॉइंट इथेनॉलहूनही किंचित खाली आहे. ते कातडीतून आणि श्वासातून शरीरात जातं, आणि डोळे घालवतं. २०१५ साली मुंबईतल्या मालवणीत शंभरावर माणसं दारूतल्या मिथेनॉलने गेली. प्रोब बाहेर काढताना ज्याचे थेंब दिवसभर हातावर पडणार आहेत असा द्रव टाकीत भरायला मी तयार नाही.

फ्लोरिनयुक्त द्रवांचाही पर्याय होता, पेटत नाहीत, उणे १०० पर्यंत पातळ राहतात. किंमत मात्र डोळे पांढरे करणारी. त्यात ३एमने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केलं की २०२५ च्या अखेरीस अशी सगळी रसायनं बनवणं बंद करणार. म्हणजे नोव्हेक (३एमचा असाच द्रव) मागायला गेलं की पुरवठादार पर्यायी नाव सांगणार आणि तुम्ही पुन्हा शून्यापासून चाचण्या करणार. लहान लॅबने यात पडू नये.

ग्लायकॉल-पाणी हा गरिबाचा पर्याय आणि तो वाईट नाही. इथिलीन ग्लायकॉल आणि पाणी अर्धं-अर्धं केलं तर गोठणबिंदू उणे ३७ च्या आसपास येतो, म्हणजे उणे २५ पर्यंत निर्धास्त काम. पेटत नाही, परवाना नाही. विषारी आहे आणि चवीला गोड, म्हणून खुल्या भांड्यात ठेवायचं नाही, एवढी एक खबरदारी. आमचा जुना लहान बाथ आम्ही यावरच चालवतो. तो ठेवण्याचं एक खास कारण चाकणचं आहे. तिथल्या पेंट शॉपमधून येणारे सेन्सर आम्ही सिलिकॉन तेलात बुडवूच शकत नाही. सिलिकॉनचा अंशही पत्र्यावर गेला तर रंग तिथे धरत नाही, माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. पेंट शॉपवाल्यांना सिलिकॉन शब्द ऐकूनच घाम फुटतो. तुमच्याकडे असं गिऱ्हाईक असेल तर द्रव ठरवण्याआधी त्याला विचारा.

तर आमच्या बाथमध्ये पाच सेंटिस्टोक्सचं सिलिकॉन तेल. फ्लॅश पॉइंट १३० अंशांच्या आसपास. आम्ही ५० च्या वर जात नाही आणि कटआऊट ६० वर लावला आहे. यंत्रावर १५० लिहिलं आहे, पण ते या तेलासाठी नाही. हे मी नवीन पोरांना पहिल्या दिवशीच सांगते, कारण यंत्राच्या दर्शनी पट्टीवर १५० एवढं ठळक छापलं आहे की कुणालाही वाटावं चालतं. एकाच द्रवात उणे ४० ते १५० अशी सगळी मजल मारता येत नाही. कुठलाही विक्रेता हे आपणहून सांगत नाही.

सिलिकॉन तेलाचा शत्रू म्हणजे पाणी. पुण्यात जून ते सप्टेंबर हवा अशी दमट असते की झाकण उघडलं की टाकीवर थेट ढग उतरतो. ते पाणी तेलात मिसळत नाही. इथे एक गंमत आहे. खोलीच्या तापमानाला हे तेल पाण्याहून हलकं असतं, घनता ०.९१ च्या आसपास, त्यामुळे पाणी थेंबाथेंबाने तळाशी बसतं. पण तेल उणे २० ला नेलं की आक्रसून ०.९५ च्या पुढे जातं, आणि बर्फ ०.९२ चा. मग तळाचं पाणी गोठून वर येतं, तेलात तरंगतं, स्टररच्या पात्याला लागतं, थंड कॉइलला चिकटतं. टकटक आवाज येऊ लागतो. कॉइलवर थर बसला की थंडी तेलापर्यंत पोचत नाही आणि तापमान उणे ३५ ला अडून बसतं. लोक म्हणतात गॅस गेला, मेकॅनिकला बोलावतात. कंप्रेसरवाले काका येतात, गेज लावतात, गॅस पूर्ण भरलेला असतो, व्हिजिटचे पैसे घेऊन जातात.

उपाय सोपा आहे. सकाळी बाथ सुरू करण्याआधी, सगळं खोलीच्या तापमानाला असताना, खालच्या ड्रेन कॉकमधून काचेच्या बीकरमध्ये वाटीभर तेल काढून घ्यायचं. पाणी असेल तर ते कॉकमधून सगळ्यात आधी येतं आणि बीकरच्या तळाशी मण्यांसारखं गोळा झालेलं दिसतं. ते टाकायचं, वरचं स्वच्छ तेल परत ओतायचं. पावसाळ्यात रोज, एरवी आठवड्यातून एकदा. यासाठी कॉक टाकीच्या अगदी तळातून निघालेला हवा. आमच्या यंत्रात तसा आहे, आणि कॉकचं तोंड समोरच्या बाजूला आहे, मागे नाही. छोटी गोष्ट, पण सत्तर-ऐंशी किलोचं धूड दर वेळी पुढे ओढावं लागत नाही. मी याला पैकीच्या पैकी देते.

झाकणाला मात्र देत नाही. झाकण स्टीलचं एकेरी पत्र्याचं दिलं आहे, आत इन्सुलेशन नावापुरतं. उणे ३० च्या खाली गेलं की झाकणाच्या वर दव, मग बर्फ, आणि दुपारी बाथ वर आणला की ते वितळून भोकांतून थेट तेलात. म्हणजे पाणी आत सोडण्याची सोय यंत्राबरोबर आलेलीच. आम्ही फॅब्रिकेटरकडून टेफ्लॉनचं दुसरं झाकण बनवून घेतलं, खालून फोम, भोकांना सिलिकॉन रबरची बुचं. कामात नसलेलं भोक बुचाने बंद. तेव्हापासून बीकरमध्ये मणी कमी दिसतात आणि थंड व्हायचा वेळही कमी झाला. कॅटलॉग म्हणतं २५ वरून उणे ४० ला दोन तासांत. मे महिन्यात मूळ झाकणाने तीन लागायचे, आता अडीच.

पातळीचं गणित कॅटलॉगमध्ये नाही, मॅन्युअलमध्येही नाही. तेल असो वा अल्कोहोल, दर अंशाला साधारण हजारात एक भाग फुगतं. उणे ४० वरून २८ वर यायचं म्हणजे अडुसष्ट अंश, सुमारे सात टक्के. बारा लिटरला पाऊण लिटरहून जास्त. टाकी गार असताना पातळी खाली गेलेली दिसते, फ्लोट स्विचचा लाल दिवा लागतो, कुणीतरी इमाने इतबारे वरून तेल ओतून काठापर्यंत भरतं. रात्री बाथ बंद. सकाळी ते पाऊण लिटर टेबलावर, टेबलावरून जमिनीवर. सिलिकॉन तेल सांडलेल्या फरशीवर माणूस उभा राहू शकत नाही आणि ते साबणाने धड निघतही नाही. भुसा टाकून गोळा करायचं, मग सॉल्व्हंटने पुसायचं. अल्कोहोल असतं तर काय झालं असतं ते वर लिहिलंच आहे. यंत्राला ओव्हरफ्लोची नळी हवी आणि ती धातूच्या कॅनमध्ये सोडलेली हवी. आमच्या यंत्रात नळी आहे, कॅन आपला आपण ठेवायचा. हीच गोष्ट कॅनची: गार द्रव काढून कॅनमध्ये भरला तर झाकण लगेच घट्ट करायचं नाही, आणि चार पंचमांशापेक्षा जास्त भरायचं नाही. कॅन फुगतो.

दुसरी तक्रार वीज गेल्यानंतरच्या वागण्याची. आमच्याकडे गुरुवारी वीज जाण्याची शक्यता धरूनच चालावं लागतं. वीज आली की कंप्रेसर तीन मिनिटं थांबून सुरू होतो, हे चांगलं आहे, लगेच सुरू झाला तर दाब सारखा झालेला नसतो आणि कंप्रेसर अडकतो. पण बाकीचं यंत्रही विचारल्याशिवाय शेवटच्या सेट पॉइंटकडे निघतं, हीटरसकट. समजा शेवटचा सेट पॉइंट ५० होता आणि मधल्या काळात कुणी तेल बदलायला टाकी अर्धी रिकामी केली आहे. फ्लोट स्विच वाचवेल, खरं आहे. पण संरक्षणाची शेवटची फळी रोजच्या वापरासाठी नसते. वीज परत आल्यावर यंत्राने गप्प उभं राहावं आणि माणसाने बटण दाबावं, असं माझं मत आहे. कंपनीला कळवलं. ‘मॅडम, बऱ्याच गिऱ्हाइकांना आपोआप सुरू झालेलंच आवडतं,’ असं उत्तर आलं. शेवटी आम्ही बाहेर एक कॉन्टॅक्टर बसवून घेतला, वीज गेली की तो सुटतो, हाताने लावल्याशिवाय लागत नाही.

तिसरी तक्रार कटआऊटच्या बटणावर आकडेच नाहीत. फक्त कमी-जास्त बाण. कितीवर लावलाय हे कळायला मार्ग एकच: बाथ ६० ला न्यायचा आणि बटण हळूहळू मागे फिरवत हीटर कुठे तुटतो ते बघायचं, मग पेनने खूण करायची. हे दर वर्षी करतोच, त्या निमित्ताने कटआऊट जिवंत आहे का हेही कळतं. पण विकत घेतलेल्या यंत्रावर खुणा मी का करायच्या?

हातमोजे वगैरे सगळ्यांना माहीत असतं म्हणून लांबण लावत नाही. फक्त एवढं की पातळ नायट्राइलचे मोजे उणे ४० ला कडक होतात आणि थंडी अडवत नाहीत. आत ऊब असलेले, बाहेरून द्रव न शोषणारे, मनगटाच्या वर येणारे हवेत. कापडी मोजा तर नकोच, तो तेल पितो आणि थंडी हाताला चिकटवून ठेवतो. प्रोब काढला की टाकीच्या वरच क्षणभर धरून निथळू द्यायचा. थंड धातूला ओला हात लागला तर कातडी चिकटते. चष्मा लावायचा. आग विझवायचा सीओटू सिलिंडर दाराजवळ ठेवायचा, बाथच्या मागच्या भिंतीवर नाही.

काचेचे पाऱ्याचे थर्मामीटर आणणारे अजून आहेत. पारा उणे ३८.८३ ला गोठतो, म्हणून उणे ४० चा बाथ आणि पाऱ्याचा थर्मामीटर यांची गाठ घालायची नाही. त्यांना उणे ३० ला थांबवायचं, आणि गरम हवेतून एकदम थंड तेलात टाकायचं नाही, काच तडकते. फुटलाच तर पारा टाकीत, आणि मग ती टाकी साफ करणं हा वेगळा उद्योग.

सर्व्हिस बरी आहे. फोन उचलतात, माणूस दोन-तीन दिवसांत येतो. यंत्र येतं तेव्हा टेम्पोत आडवं-तिरकं झालेलं असू शकतं, म्हणून एक दिवस सरळ उभं ठेवून मगच चालू करा असं त्यांनी स्वतः सांगितलं, ते पटलं. मागे वीत-सव्वा वीत जागा सोडा आणि कंडेन्सरच्या जाळीवरची धूळ महिन्याला ब्रशने काढा. भोसरीत हे महिन्यालाच लागतं, ज्यांची लॅब स्वच्छ जागी आहे त्यांनी तिमाहीला केलं तरी चालेल. यंत्रातला थंड करणारा गॅस आर-४०४ए आहे. पृथ्वी तापवण्याची त्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ३९०० पट, आणि भारताने २०२१ मध्ये किगाली करार स्वीकारल्यामुळे असे गॅस पुढे कमी होत जाणार. आज मिळतो. दहा वर्षांनी कुठल्या भावाने मिळेल त्याचा विचार करून घ्या. प्रोपेनवर चालणारी यंत्रंही येतात, ती घेतली तर खोलीचा आकार बघावा लागतो: दर आठ ग्रॅम गॅसमागे एक घनमीटर जागा असा सर्वसाधारण नियम आहे. आमच्यासारख्या खोक्याएवढ्या खोलीत हा हिशेब आधी करायला हवा.

कुणी घ्यावा? ज्यांचं काम उणे ३० पर्यंत आहे आणि लॉगर, फ्रीझरचे थर्मामीटर, साधे आरटीडी (पीटी-१०० सारखे सेन्सर) एवढंच येतं, त्यांनी डोळे मिटून घ्यावा. उणे ८० च्या फ्रीझरवाली गिऱ्हाइकं असतील तर हा उपयोगाचा नाही. उणे ४० पर्यंत कॅलिब्रेट करून उणे ८० चं सर्टिफिकेट देता येत नाही. त्यासाठी दोन कंप्रेसरचा कॅस्केड बाथ लागतो, आणि तिथे पाच सेंटिस्टोक्सचं तेलही साथ सोडतं, म्हणजे पुन्हा अल्कोहोलपाशी आलात. तो खर्च नुसता यंत्राचा नसतो, खोलीचा असतो. शेजारच्या लॅबशी बोलून ते काम बाहेर द्या.

कोटेशन मागवताना एवढं लिहून घ्या: स्टॅबिलिटी आणि युनिफॉर्मिटी तुम्ही जो द्रव वापरणार त्यातच, उणे ४० ला, तुमच्या खोलीत दाखवायची. डेमोचा कॅन विक्रेत्याचा नको, तुमचा. आणि झाकण दुहेरी मागा. ऑर्डरमध्येच घातलं तर किरकोळ पैशांत होतं, नंतर फॅब्रिकेटरकडे गेलात तर टेफ्लॉनचा भाव ऐकून बसायला खुर्ची लागेल.